समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते?

जयंती होऊन पंधरा दिवस झाले. खांबांवरचे झेंडे अजून तसेच आहेत, एप्रिलच्या उन्हाने निळा रंग थोडा विटलाय. वर्गणीचा हिशेब काही ठिकाणी झाला, काही ठिकाणी व्हायचाय. म्हणून विषय आत्ताच काढतोय. जयंतीच्या आधी काढला की पोरांना वाटतं, हा मिरवणुकीत खोडा घालायला आला. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. "जयंतीला डीजे कशाला, एवढा खर्च कशाला" असं विचारणाऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या मिरवणुकीत कानठळ्या बसतात, तेव्हा हे लोक गप्प असतात आणि १४ एप्रिल आला की यांना ध्वनिप्रदूषण आठवतं. ज्या रस्त्याने आपल्या पणजोबांना मान खाली घालून, कडेकडेने जावं लागायचं, त्याच रस्त्याच्या मधोमध पणतू गुलाल-निळ उधळत नाचतात, याला अर्थ आहे. ज्याला तो कळत नाही त्याला समजावण्यात मला रस नाही.

मला बोलायचंय ते आपल्या आपल्यात. उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल.

आपण नाशिक जिल्ह्यातले. काळाराम आपला, येवला आपला. दरवर्षी २ मार्चला सगळ्यांच्या स्टेटसला काळाराम मंदिराचा फोटो असतो. २ मार्च १९३० ला काय झालं ते आपल्याला पाठ आहे: हजारोंची मिरवणूक, बंद दरवाजे, चार दरवाज्यांवर बसलेली १२५ पुरुष आणि २५ बायांची पहिली तुकडी. त्यानंतर रामनवमीच्या रथाच्या दिवशी झालेली दगडफेकही माहीत आहे. पण हा सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता. तो चालू-बंद होत पाच वर्षं चालला. पाच वर्षं! त्यातला बराच काळ बाबासाहेब नाशकात नव्हते. १९३० च्या शेवटी ते गोलमेज परिषदेला लंडनला गेले. मग इथे माणसं कोण जमवत होतं? तुकड्या कोण लावत होतं, कोण तुरुंगात गेलं आणि त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे कोण बघत होतं? दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब, आणि त्यांच्याबरोबरची माणसं. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याही बॅनरवर येत नाहीत.

आणि याची किंमत मंदिराच्या पायरीवर कमी आणि गावात जास्त मोजावी लागली. सत्याग्रहाला गेलेल्यांच्या गावांत रस्ते अडवले, दुकानदारांनी मीठमिरची द्यायची बंद केली, पोरांना शाळेतून काढलं. म्हणजे लढाई नाशकात, आणि तिचा भार कुठल्यातरी खेड्यातल्या बाईच्या डोक्यावर, जिला दुसऱ्या दिवशी पीठ कुठून आणायचं हे माहीत नव्हतं. तिने ते कुठून तरी आणलं, म्हणून सत्याग्रह पाच वर्षं टिकला.

आता पुढचं. १९३४ मध्ये दादासाहेबांनी बाबासाहेबांना विचारलं, येत्या रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करायचा का. बाबासाहेबांचं ३ मार्च १९३४ चं उत्तर दादासाहेबांनी जपून ठेवलेल्या पत्रांत आहे. त्याचा आशय आपल्या भाषेत सांगतो. नको, आता थांबवा. देवळात जाऊन पूजा करता यावी म्हणून हा सत्याग्रह नव्हता, आपल्या माणसांना आपली अवस्था कळावी, ती जागी व्हावीत म्हणून होता. ते काम झालं. आता सगळी शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवा.

हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थक्क होतो. ज्या लढ्यामुळे देशभर नाव झालं, तो लढा नेता स्वतः थांबवायला सांगतो आणि म्हणतो, आता अवघड काम सुरू करा. ज्यात फोटो निघत नाही ते काम. आपण २ मार्च साजरा करतो, पण त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख असलेलं, चार वर्षांनंतरचं हे पत्र आपल्याला आठवत नाही.

तर आज सटाण्यात, बागलाणात ते अवघड काम कोणतं? मला विचाराल तर मी सांगेन, कागद.

हसू नका. मी गेली काही वर्षं पोरांचे फॉर्म भरायला बसतो, स्कॉलरशिपचे, वसतिगृहाचे, स्वाधारचे, जातीच्या दाखल्याचे, व्हॅलिडिटीचे. त्यावरून सांगतो. आपल्या पोरांची हुशारी कमी पडत नाही, कागद कमी पडतात. मागे माझ्या ओळखीतल्या एका मुलीला बारावीला चांगले मार्क होते, सीईटी चांगली गेली, राखीव जागेवर नंबरही लागला. व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही. जागा गेली. बाप मोलमजुरी करणारा, खुल्या जागेची फी त्याच्या दोन वर्षांच्या कमाईएवढी. ती मुलगी आज काय करते ते इथे लिहीत नाही, तिला बरं वाटणार नाही.

व्हॅलिडिटीला लागतं काय? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. आदिवासी बांधवांसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कागद हवा: आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, बापाची आत्या. बहुतेक लोक शाळा सोडल्याचा दाखला शोधतात. अहो, पण १९५० च्या आधी ज्याला शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्याचा शाळेचा दाखला कुठून येणार? "आजोबा शिकले होते का?" असं विचारलं की समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो की मलाच लाज वाटते.

मग कुठे शोधायचं? गाव नमुना १४. गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं नाव आणि साल देऊन नकलेसाठी अर्ज करायचा. त्यात नोंद कशी असते माहितीये? पुष्कळदा आडनाव नसतं. आपल्याकडची आजची आडनावं, सोनवणे म्हणा, अहिरे म्हणा, पवार म्हणा, बऱ्याच जातींत सारखीच, पण जुन्या वहीत नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. ज्या शब्दाने पणजोबाला गावकुसाबाहेर ठेवलं, नेमका तोच शब्द त्याच्या पणतीला जुन्या वहीत शोधावा लागतो, कारण तो सापडला तरच तिला कॉलेजात जागा मिळते. एकदा मोडीतली नोंद आली, वाचणारा सापडेना. अभिलेखातल्याच एका म्हाताऱ्या माणसाने चष्मा पुसत वाचून दिली, चहा सुद्धा घेतला नाही. अशी माणसं असतात. कागदामागे बसलेल्याने मनावर घेतलं तर काय होतं हे सटाण्याला कोणी शिकवायला नको. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटणाऱ्या मामलेदाराचं देऊळ बांधणारं हे गाव आहे.

आणि इथे एक कडू गोष्ट लिहितो. भावकीत एकाची व्हॅलिडिटी झालेली असली की बाकीच्यांचं काम खूप हलकं होतं. तोच पुरावा, तीच वंशावळ चालते. पण मी असे किती तरी भाऊबंद पाहिलेत की ज्यांच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि ते झेरॉक्स देत नाहीत. का? तर १५ वर्षांपूर्वी भिंतीवरून भांडण झालं होतं. मामाच्या लग्नात मान दिला नाही. दादा नोकरीला लागला तेव्हा पेढे दिले नाहीत! बाबासाहेबांचा फोटो दोन्ही घरांत, एकाच दुकानातला, एकाच फ्रेमचा. आणि मधल्या भिंतीतून कागद पलीकडे जात नाही.

हे असं फक्त आपल्याकडेच आहे का? नाही. म्हणून जरा लांब जाऊन येतो, पण या रस्त्यावर आपलं जाणं-येणं जुनं आहे. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले मोठे कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून.

आता तिकडचं आपल्याला काय आठवतं? मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण. रोझा पार्क्स बसमधून उठली नाही ते. बरोबर. पण माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला, डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६. रोज हजारो मोलकरणी, मजूर कामावर जाणार कसे? लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, थांबे ठरवले, वेळा ठरवल्या. पेट्रोलला पैसा कुठून आला? जॉर्जिया गिल्मोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने बायका गोळा केल्या, कोंबडीचे तुकडे तळून, केक करून विकले आणि दर आठवड्याला पैसे सभेत आणून दिले. आपल्या गटाचं नाव काय ठेवलं? 'कुठलाच नाही' अशा अर्थाचं. म्हणजे पैसा आला कुठून असं कोणी विचारलं तर, कुठूनच नाही. कारण या बायकांची नावं बाहेर आली असती तर त्यांची धुणीभांडी सुटली असती. किंग यांचं भाषण पाठ असलेली पोरं आपल्याकडे आहेत. ही बाई कोणाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट. तिथे मतदार नोंदणीला वाचून दाखवावं लागायचं, आणि काळ्या लोकांना वाचता येत नव्हतं, कारण शिकूच दिलं नव्हतं. तिथला ईसॉ जेंकिन्स हा माणूस बस चालवायचा. तो प्रवासात लोकांना राज्यघटनेतला मजकूर वाचायला शिकवू लागला. मग लोकांनी मिळून एक सहकारी दुकान काढलं आणि जानेवारी १९५७ मध्ये दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू केला. पुढे दुकान ठेवायचं कारण, गोऱ्या अधिकाऱ्यांना मागे काय चाललंय ते कळू नये. शिकवायला मुद्दाम शिक्षिका आणली नाही. बर्निस रॉबिन्सन नावाची, केस करणारी, शिवणकाम करणारी बाई आणली. ती म्हणाली मला शिकवता येत नाही, पण तुम्हाला काय हवं ते सांगा, आपण मिळून शिकू. लोकांना काय हवं होतं? सही करता यावी, फॉर्म भरता यावा, मनीऑर्डर समजावी. पहिल्या वर्गात १४ माणसं. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने हेच पुढे गावोगाव नेलं आणि त्यातून दक्षिणेत हजारो मतदार उभे राहिले.

ब्लॅक पँथरचंही तसंच. आपल्या डोळ्यांसमोर काळं जॅकेट आणि बंदूक येते. पण १९६९ पासून ते ऑकलंडमध्ये शाळेत जाणाऱ्या पोरांना रोज सकाळी फुकट नाश्ता देत होते. सिकलसेलची तपासणी करत होते. सिकलसेल! आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर हा शब्द नवीन नाही. देशपातळीवरची सरकारी मोहीम २०२३ ला आली. पँथरवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दारोदार जाऊन रक्त तपासलं.

तर दुकानाच्या मागची खोली. आपल्याकडे ती लपवायची गरज नाही, सरकारने बांधून दिली आहे. तिचं नाव समाजमंदिर. बागलाणातल्या वस्त्या आठवा, ताहाराबाद असो, नामपूर असो, डांगसौंदाणे असो की सटाणा शहर असो. आपापल्या वस्तीतलं समाजमंदिर आठवा आणि सांगा, किल्ली कोणाकडे आहे? आत काय आहे? मी पाहिलेल्या ठिकाणांचं सांगतो. एकात लग्नाची भांडी. एकात कोणाच्या तरी बांधकामाच्या सिमेंटच्या गोण्या. एकात कांद्याच्या रिकाम्या गोण्यांची थप्पी. एकाची किल्ली माजी सदस्याकडे, तो आजी सदस्याला देत नाही. आणि बाहेर पायरीवर पोरं मोबाइलच्या उजेडात पोलीस भरतीचा अभ्यास करतात.

माझी मागणी साधी आहे. संध्याकाळी सहा ते दहा समाजमंदिर उघडं. दोन ट्यूबलाइट, दहा खुर्च्या, एक लांब टेबल, पिण्याचं पाणी. आठवड्यातून एक दिवस कागदाचा: ज्याला फॉर्म भरता येतो त्याने बसायचं, ज्याला भरायचाय त्याने यायचं. एक वही ठेवायची, कोणत्या घराकडे किती सालचा पुरावा आहे, कोणत्या भावकीत व्हॅलिडिटी झालीये. पैशाचं म्हणाल तर १०० घरांनी महिन्याला ५० रुपये काढले तर वर्षाला ६० हजार होतात. डीजे ठेवा, मी बंद करा म्हणत नाही. पण वर्गणीच्या पावतीवर दुसरी ओळ छापा: 'अभ्यासिका'.

काही जण म्हणतील, हे सरकारचं काम, आपण का करायचं? प्रश्न बरोबर आहे. सरकारचंच काम आहे, आणि ते सरकारकडून करून घ्यायलाही रोज कोणीतरी माणूस लागतो. दादासाहेबांनी हे दोन्ही एकत्र केलं. १९५९ ला खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह, मग १९६४-६५ चा देशभरातला, ज्यात लाखोंनी तुरुंग भरले. आज त्यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. कागदावर चांगली आहे. पण डाळिंब-कांद्याच्या आपल्या पट्ट्यात सरकारी दराने जमीन विकायला कोण तयार होतंय? दर वाढवा म्हणून मागणी करायची तर आधी तालुक्यातले किती भूमिहीन अर्ज करून थांबलेत याची यादी हवी. यादी कोणाकडे आहे? मोर्चात घोषणा देणारे शंभर मिळतात, यादी करणारा एकही मिळत नाही.

वतनाच्या जमिनींचंही तेच. तुमच्या पणजोबाच्या नावाची वतनाची जमीन होती का, आज तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, इतर हक्कात काय लिहिलंय, हे कितीजणांनी उघडून पाहिलं? घरबसल्या मोबाइलवर दिसतं आता.

आणि बायका. नाशिकच्या शांताबाई दाणी, ज्यांनी दादासाहेबांच्या बरोबरीने सत्याग्रह केले, तुरुंग पाहिला, विधान परिषदेत गेल्या, त्यांनी आयुष्यातला मोठा भाग मुलींच्या शिक्षणासाठी घातला. आपल्या जयंती समित्यांच्या बॅनरवर पासष्ट फोटो असतात, त्यात बायका किती? मोजा. आणि फॉर्मच्या दिवशी माझ्यासमोर पिशवीत कागद घेऊन बसलेल्या असतात त्यांत आया किती? जवळजवळ सगळ्या. एका आजीने तर नवऱ्याचा १९४८ चा दाखला साडीच्या घडीत ठेवलेला होता, प्लॅस्टिकमध्ये, दोन सुनांनाही न सांगता. त्या एका कागदावर त्या भावकीतल्या सात पोरांचं काम झालं. समितीचा अध्यक्ष कोणाला करायचं हे मला विचारलं तर मी या आजीचं नाव सांगेन.

आता कामाचं. परवा १ मे, गावागावांत ग्रामसभा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. सभेला जा, गेल्या वर्षी ते किती होते आणि कशावर गेले एवढंच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त लिहून घ्या म्हणा. त्याच सभेत समाजमंदिर अभ्यासिकेसाठी उघडं ठेवायचा ठराव मांडा, सूचक-अनुमोदक आधीच ठरवून जा. ज्यांची पोरं यंदा अकरावी-बारावीला आहेत त्यांनी निकालाची वाट बघू नका, व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच लावा. आणि ज्यांच्याकडे १९५० च्या आधीचा कागद आहे त्यांनी त्याच्या पाच झेरॉक्स काढून भावकीत वाटा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या घरी पोरांच्या हातून पाठवला तरी चालेल.

जय भीम.